घशातले किडे

देवासला टेकडीखालच्या पटांगणात सकाळपासून रांग होती. धुरीवाले महाराज घशातले किडे काढत होते. थाळीत पाणी, मधोमध निखाऱ्यांची वाटी, निखाऱ्यांवर तुपात घोळवलेलं चिमूटभर बी. रोग्यानं शाल पांघरून, तोंड उघडून त्यावर वाकायचं.

"धुआं अंदर, कीड़ा बाहर. डॉक्टर लोग सुई चुभाते रह गए," महाराज म्हणाले. सुईशी त्यांचं काय वैर होतं, ते तेच जाणोत.

अवंतीनं आपल्या लेकीला, चिऊला, वाकवलं. पोरीला ताप होता, मान सुजली होती, आवाज बसला होता. शाल काढली तर पाण्यावर पांढरे, वळलेले किडे. अवंतीला हायसं वाटलं. चिऊला मात्र घोटभर पाणीही गिळवेना.

"अब अस्पताल मत ले जाना. बचे हुए कीड़े दिमाग में चढ़ेंगे," महाराजांनी बजावलं.

शेजाऱ्यांकडून कळताच नणंद जान्हवी तिथे धावत आली. ती धारला शाळेत विज्ञान शिकवायची, सुट्टीत माहेरी आली होती. मोबाईलच्या उजेडात तिनं चिऊचा घसा पाहिला. आत राखाडी पापुद्रा धरला होता.

"वहिनी, हा घटसर्प दिसतोय. आत्ता दवाखान्यात चला."

"वन्सं, किडे मी डोळ्यांनी पाहिले. डोक्यात चढले तर?" अवंतीनं लेकीला घट्ट धरलं.

जान्हवी महाराजांकडे वळली. "किसी को बिठाए बिना धुआं दीजिए."

"बिना मरीज के माता नाराज होती है."

जान्हवीनं पुढचं बोलणं ऐकलंच नाही. स्वच्छ पाणी ओतून तिनं स्वतःच बी निखाऱ्यांवर टाकलं. तडतड झाली आणि थाळीत तसेच किडे तरंगले.

"ये किसके गले से निकले, भिया?"

तिनं एक बी नखानं फोडलं. आत तोच पांढरा, वळलेला कोंब. ती अवंतीला म्हणाली, "हे काटेरी रिंगणीचं बी. तापलं की फुटतं, कोंब उडून पाण्यात पडतो."

अवंतीनं चिऊला उचललं आणि रिक्षाकडे पळत सुटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न लसींचा केला. लसीच्या पहिल्या इंजेक्शनला ताप आला, म्हणून घरात ठरलं होतं, 'हिच्या अंगाला लस मानवत नाही.' पुढचे डोस दिलेच नाहीत. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. तो ताप म्हणजे शरीराची तालीम होती. घशाच्या ओल्या अस्तरावर जंतू ठाण मांडतात आणि रक्तात विष सोडतात. तालीम झालेलं शरीर ते विष ओळखतं, चिऊच्या शरीराची तालीम अर्धवट राहिली होती. आता बाहेरून प्रतिविष दिलं होतं, पण आधीच हृदयाला लागलेलं विष त्यानं निघत नाही. काही दिवस वाट पाहायची.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या जमुनाबाईंनी खबर आणली, महाराज बदनावरला गेले, तिथेही रांग लागली आहे.

अवंती ग्लानीत पडलेल्या चिऊच्या उशाशी बसली होती. तिला स्वतःचा संताप आला होता. ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही बदनावरला जा. धुरी रोग्याशिवाय करून दाखवायला सांगा. आणि रांगेत एकेका आईला विचारा, लस पूर्ण दिली का. नाही म्हणाली तर माझं नाव सांगा. माझी लेक अजून डोळे उघडत नाही, हेही सांगा."