पुलावरचं दही

सावा नदीवर नोव्हेंबरात धुकं उतरलं की पुलाला दुसरं टोक उरत नाही. बोस्नियाकडून येणाऱ्यांची आधी पावलं ऐकू येतात, मग खोकला, मग माणूस. अठ्ठावीस वर्षं मी क्रोएशियाच्या बाजूला कस्टममध्ये आहे, तरी धुक्यातून कोण निघेल याची मला अजून उगाच हुरहुर लागते.

त्या सकाळी शेम्सा मावशी निघाली. पंच्याहत्तरीची, छातीशी शालीत काहीतरी गुंडाळलेलं. पासपोर्टवर शिक्का बसला. मी तिला काही विचारलंसुद्धा नाही. ती चार पावलं पुढे गेली, थांबली आणि परत माझ्या खिडकीशी आली.

"पोरी, थंडीत उभी आहेस. घे, चमचाभर खा," म्हणत तिने शाल सोडली. आत मडकं होतं, मडक्यात घट्ट दही.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! पण त्या काठाची माणसं भरलं भांडं घेऊन कुणासमोरून तशीच जात नाहीत, मग समोर कस्टमवाली का असेना. शेजारच्या खिडकीतला झ्वोन्को मान उंचावून बघायला लागला. आता मला न बघितल्यासारखं करता येईना.

"मावशी, दूध, दही, चीज, मांस, काही आत नेता येत नाही. मध असता तर दोन किलोपर्यंत सोडला असता."

"मध काय करायचाय? माझ्या बहिणीला, नुराला दही हवंय. चार दिवस तिच्या पोटात काही नाही. डॉक्टरांनी हात टेकले, घरी पाठवलं. एवढंच मागितलं तिने, आपल्या गाईचं दही. औषध समज की!"

"औषधाच्या डबाबंद दुधाला सूट आहे. घरच्या दह्याला नाही."

"वा गं वा! या पुलावरून आमच्या आईने आख्खी गाय नेली होती नुराच्या लग्नात. तेव्हा कुठे होतीस तू?"

मला राग आला, तिचा नाही, माझ्या गणवेशाचा. मडकं जप्त करून कचऱ्यात ओतायचं, असा नियम आहे. माझ्याच्याने ते होईना. धुक्याकडे बघता बघता मनात आलं आणि मी बोलून गेले.

"मावशी, दही आत येऊ शकत नाही. पण नुरामावशी इथली नागरिक आहे. ती बाहेर जाऊ शकते."

तिने मडक्यावर शाल पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली, "एमिरला फोन लाव. माझ्या फोनमध्ये पैसे नाहीत."

मडकं घेऊन ती पुलाच्या मध्यापर्यंत मागे गेली. अर्ध्या तासाने नुराचा मुलगा एमिर चाकाची खुर्ची ढकलत आला. खुर्चीत गोधड्या होत्या आणि त्यात कुठेतरी नुरा होती. मी तिचं ओळखपत्र पाहिलं आणि तिला बाहेर सोडलं.

मी पुलावर थोडं पुढे गेले. तसं जायचं नसतं, पण गेले. धुक्यात दोन म्हाताऱ्या नीट दिसत नव्हत्या, नुसते आवाज येत होते. खाली नदी वाहत होती की थांबली होती, कळत नव्हतं.

"आंबट झालंय," नुरा म्हणाली.

"तुझ्या जिभेला सगळंच आंबट. आ कर."

"आईचं असंच व्हायचं."

चमचा मडक्याला लागत होता, पुन्हा पुन्हा. चार दिवस उपाशी असलेली बाई खात होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

मग चमच्याचा आवाज थांबला आणि नुरा म्हणाली, "एमिर, खुर्ची वळवू नकोस. पुढे चल."

"आई, पुढे कुठे?"

"घरी."

मग चाकं कुरकुरली. ती माझ्याकडे येत नव्हती, लांब जात होती. मी खिडकीत परत आले आणि ड्यूटी संपेपर्यंत पुलाकडे बघत बसले. कुणी आलं नाही.

नवव्या दिवशी एमिर आला, एकटा. खुर्ची घडी घालून काखेत धरलेली.

"शेम्सा मावशीच्या अंगणात पुरलं तिला, आजीशेजारी," तो म्हणाला. "तू दही अडवलंस म्हणून."

तो आभार मानत होता की दोष देत होता, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.