काजेवालीची धाव

दोन हजार चार सालची गोष्ट. कपड्यांच्या कारखान्यातल्या काजेवालीने जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता सांगून टाकलं, "मला एचआयव्ही आहे. गोळ्या घेते, रोज पहाटे पळते. पळण्यात माझ्यापुढे जाऊन दाखवा कुणी!"

सगळ्यांचे घास हातातच राहिले. दुसऱ्या दिवशी तिचं काज करायचं मशीन जिन्याखाली गेलं. तशी मागणी करणारी परकी कुणी नव्हती. कापड कापायला बसणारी तिची सख्खी धाकटी जाऊच होती.

कारखान्यांची रिले शर्यत तोंडावर आली होती. काजेवाली तिसरी पळणार, जाऊ चौथी. संघ निवडणाऱ्या कारखान्याच्या मास्तरांना जिंकायची भारी हौस, त्यामुळे संघातून काही त्यांनी काजेवालीला काढलं नाही.

"पळेन मी," जाऊ फणकारली, "पण ताईंच्या हातची काठी घ्यायची नाही!"

"नको घेऊस. मग मी जन्मभर जिन्याखाली बसेन. पण घेतलीस, तर माझं मशीन पुन्हा रांगेत. कबूल?"

"कबूल!"

शर्यतीच्या दिवशी मैदान नुसतं दणाणत होतं. काजेवालीला काठी मिळाली तेव्हा संघ सगळ्यांच्या मागे. पण ती जी सुटली! एकीला मागे टाकलं, दुसरीला टाकलं, तिसरीलाही! इस्त्रीवाली मावशी कुंपणावर चढून ओरडत होती, "पळ गं माझे बाई, पळ!"

समोर जाऊ, हात मागे बांधून उभी. ते बघून काजेवाली गडबडली, आणि भलतंच झालं. कारखान्यात कात्री देताना थांबायचं, पातं आपल्याकडे आणि मूठ समोरच्याकडे करायची, ही त्यांची रीत. तशीच ती भर शर्यतीत थबकली आणि काठी उलटी फिरवून पुढे केली. जाऊचा हातही सवयीने आपसूक पुढे आला आणि काठीवर मिटला.

जाऊ हाताकडे बघतच राहिली.

"अगं, कापायचं नाहीये काही! पळ!" मावशी किंचाळली.

काठी टाकून देता आली असती. जाऊने थोरलीच्या घामेजल्या तोंडाकडे पाहिलं, मूठ आवळली आणि धूम ठोकली.

थांबण्यापायी नंबर तिसरा आला. मास्तर कपाळाला हात लावून बसले. जाऊ धापा टाकत परतली. "ताई, हात तरी पुसायचा! निसटत होती ना काठी!" दोघी हसत सुटल्या, आणि हसता हसता जाऊला रडू फुटलं.

मशीन दोघींनीच उचलून रांगेत आणलं.

काजेवाली पुढे गावोगावच्या कारखान्यांत जाऊन बोलली, आणि घरच्यांनी दूर लोटलेल्या कितीजणींना तिने पळायला लावलं. आता गुडघे कुरकुरतात, पण पहाट चुकत नाही. मावशी म्हातारपणी सुखाने गेली. मास्तर निवृत्त झाले, तरी त्या तिसऱ्या नंबराची हळहळ अजून करतात. जाऊ दवाखान्यात नव्याने आजार कळलेल्यांजवळ बसते, आणि तिथे कुणी नाक मुरडलं तर त्याची अशी हजेरी घेते की तो पुन्हा तोंड वर करत नाही.