यंत्राशेजारचा झेंडा

गोडदेवातल्या त्या इमारतीत राजश्री नेमकं काय काम करते हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं, आणि तिनेही समजावून सांगणं केव्हाच सोडून दिलं होतं. कोणी तिला हवामान खात्यात बसवत, कोणी मुलीची पत्रिका घेऊन दार वाजवत. सूर्यावर वादळ येणार, मोबाइल उशाशी घेऊ नका, असला मेसेज फिरू लागला की सोसायटीचे सेक्रेटरी दत्ताराम तो आधी तिलाच पाठवून ‘खरं काय?’ विचारत. त्या रविवारी सकाळपासून त्यांनी तोच मेसेज पुन्हा पुन्हा पाठवून तिचं डोकं उठवलं होतं.

तिला वेळ नव्हता, कारण उद्या तिचं भाषण होतं. ध्रुवांवरच्या आकाशाचा अभ्यास करणाऱ्या देशोदेशीच्या नवख्या संशोधकांसमोर, ऑनलाइन. अंटार्क्टिकावरच्या आपल्या देशाच्या संशोधन ठाण्याबाहेर एका लाकडी खोपटात पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेणारं यंत्र आहे. त्या नोंदींत राजश्रीला बारीक लहरी सापडल्या होत्या. सूर्य अगदी शांत असला तरी खाली हिमवादळ सुटलं की त्या उठत. म्हणजे वादळाचा धक्का थेट वरच्या आकाशातल्या वीजप्रवाहांपर्यंत पोचतो, असं तिचं म्हणणं. तिच्या गाइड मनोरमा मॅडम कशालाही ‘बरं’च्या पुढे जात नसत. त्यासुद्धा म्हणाल्या होत्या, हे भाषण नीट झालं तर पुढच्या मोहिमेत तुझं नाव घालते. राजश्रीला अंटार्क्टिकाला जायचं होतं. कॉलेजात असल्यापासून तिला दुसरं काही हवंच नव्हतं.

ती स्लाइडशी झटत असताना तिची आई, कमळाबाई, शेजारच्या विमलाबाईंना घेऊन आत आल्या. हातात मोठा करून आणलेला फोटो.

“राजू, बघ तरी. विहारात लावायचाय.”

“आई, मी काम करतेय.”

“एक मिनिट बघितलंस तर झिजशील का?”

राजश्रीने मान वर केली ती पीडा टळावी म्हणून. फोटोत बर्फ होता, बर्फात रोवलेला निळा झेंडा होता, आणि शेजारी जाड जॅकेट घालून दात काढत संघर्ष उभा होता. विहारातल्या ओळखीचा हा पोरगा आधी काशीमीऱ्याच्या गॅरेजात गाड्या दुरुस्त करायचा. ठाण्यावर मेकॅनिक हवाय हे राजश्रीनेच त्याला कळवलं होतं, आणि आता तो वर्षभरासाठी तिकडे होता.

“जयंतीला लावला त्याने,” कमळाबाई विमलाबाईंना सांगत होत्या. “मीच म्हटलं त्याला, आमच्या राजश्रीच्या मशीनच्या बाजूलाच लाव. म्हणजे फोटोत दोन्ही येईल.”

राजश्रीने फोटो त्यांच्या हातातून ओढूनच घेतला. झेंड्यामागे तिचं खोपटं होतं. झेंड्याची काठी मनगटाएवढी जाड होती आणि बुडाशी गंजलेली होती. विमलाबाईंना चहा न विचारताच तिने संघर्षला फोन लावला, तेव्हा त्या बिचाऱ्या आपण होऊन उठून गेल्या.

“जयभीम ताई. बोला.”

“माझ्या खोपटाजवळ झेंडा आहे?”

“आहे ना. मस्त फडकतोय. वारा सुटला की पाइप पण हलतो, पण पडला नाय अजून.”

“कसला पाइप?”

“लोखंडी. शेडमध्ये पडलेला जुना.”

राजश्रीने डोळे मिटून घेतले. “तिथे लोखंडाची काही वस्तू आहे का, असं मी तुला दर वेळी विचारायचे. तू काय सांगायचास?”

“नाही म्हणून. खरंच नाय ताई. मी तिथे जाताना बेल्ट काढतो, घड्याळ काढतो. पोरांना पण काढायला लावतो.” मग त्याने विचारलं, “झेंडा काय वस्तू आहे का?”

तिला संघर्षचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. जवळ लोखंड हललं की यंत्राची रेघ हलणारच; डुगडुगणाऱ्या पाइपवर तिने आख्खं आकाश उभं केलं होतं.

“तो उतरव. पाइपसकट लांब ने.”

“उतरवू?” त्याचा आवाज बारीक झाला. “जयंतीचा आहे, ताई.”

“मानाने उतरव. आत नेऊन ठेव. पण आत्ता जा.”

ठाण्यावरची नोंद तिला घरबसल्या दिसत असे. तिकडे वारा होता आणि पडद्यावरची रेघ थरथरत होती. बऱ्याच वेळाने रेघेने एक उडी घेतली आणि मग ती सरळ झाली. सरळच राहिली.

कमळाबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. “झाली ना सरळ? उगाच चिडत होतीस.”

“आई, त्या थरथरणाऱ्या रेघेवरच मी अंटार्क्टिकाला जाणार होते.”

कमळाबाई पलंगावर टेकल्या. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या हळूच म्हणाल्या, “मग सांगतेस कशाला? संघर्ष परत लावेल. कोणाला कळतंय?”

घटकेपूर्वी हेच राजश्रीच्या मनात येऊन गेलं होतं, म्हणून ती जास्तच भडकली. “विहारात पोरांना काय शिकवतेस तू? आणि माझ्यावर आलं की कोणाला कळतंय?”

कमळाबाईंनी पदराशी चाळा केला. “तुझं मशीन फोटोत यावं म्हणून म्हटलं गं मी. तू जाशील तेव्हा जाशील, तोवर...” तोच पदर त्यांनी डोळ्यांना लावला.

राजश्रीलाही रडू येत होतं. ते बाहेर पडायच्या आत तिने मॅडमना फोन लावला.

“बोल. स्लाइड झाल्या?”

“मॅडम, भाषण मागे घ्यावं लागेल. लहरी खोट्या आहेत. खोपटाशेजारी लोखंडी पाइप होता, तो वाऱ्याने हलत होता. आत्ताच काढून बघितला.”

“पाइप तिथे आला कुठून?”

मेकॅनिकचा राहिला असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळं खापर संघर्षवर फुटलं असतं आणि मॅडमनी पुढे विचारलंही नसतं.

“त्यावर झेंडा लावला होता.”

“झेंडा?” मॅडमचा आवाज चढला. “यंत्राला खेटून? कोणाचा?”

कमळाबाई मान वर करून तिच्याकडेच बघत होत्या.

“आमचा आहे, मॅडम,” राजश्री म्हणाली. “आमच्याच घरून लागलाय.”