पाट्याच्या पोटातली खाच

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही एका जुन्या मोटारीच्या खाली उताणे पडला आहात. मागची चाकं काढून ठेवली आहेत आणि मोटार विटांच्या थप्प्यांवर उभी आहे. तुमच्या नाकासमोर लोखंडाचे पाटे आहेत. सगळ्यात वर लांब पाटा, त्याच्या पोटाला टेकून जरा आखूड, त्याच्या पोटाला आणखी आखूड. सगळे मिळून धनुष्यासारखे वाकलेले. खड्ड्यात चाक आपटलं की हे पाटे दबतात, परत उचलतात, आणि आत बसलेल्या माणसाची कंबर वाचते.

ही मोटार आखाडा बाळापूरच्या रस्त्याला, धम्मानंद मिस्त्रींच्या गॅरेजात होती. मालक होते शेजारच्या तांड्यावरचे हिरासिंग नाईक. त्यांच्या वडिलांनी ती फार वर्षांपूर्वी घेतली होती. तांड्यावरच्या बाळंतिणी, तापाने फणफणलेली लेकरं, लग्नाच्या नवऱ्या, सगळ्यांना त्यांनी हिच्यातूनच नेलं-आणलं. वडील गेल्यावर मोटार गोठ्यातच उभी राहिली आणि मागून खाली बसली. हिरासिंगांची अट एकच होती. पाट्यांच्या टोकांत बसणारी रबराची बुशं हवी तर नवी घाला, पण लोखंड वडिलांच्या वेळचंच राहू द्या. मिस्त्रींनी शब्द दिला होता, जो पाटा जिथून निघेल तो तिथेच बसेल.

शब्द पाळायची मिस्त्रींची रीत साधी होती. उजवीकडून काढलेल्या पाट्यांवर खडूची एक रेघ, डावीकडच्यांवर दोन.

त्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला होता. दुपारी लाईट गेली, पंखा थांबला आणि ते बाजेवर आडवे झाले. त्यांची नात आकांक्षा सहावीत होती, शाळेला सुट्टी होती. तिला वाटलं, आबा उठायच्या आत थोडं काम उरकून ठेवावं. तिने पाटे डिझेलने धुतले, फडक्याने लख्ख पुसले आणि लांबीप्रमाणे ओळीत मांडले. सगळ्यात लांब दोन पाटे मात्र तिला उचलवले नाहीत. ते भिंतीला टेकून तसेच धुळीत राहिले.

मिस्त्री उठले, ओळीकडे पाहिलं आणि जागीच थांबले.

"रेघा कुठं गेल्या, माय?"

आकांक्षाने हातातल्या काळ्या फडक्याकडे पाहिलं.

मिस्त्री रागावले नाहीत. ते एका जुन्या टायरवर बसले आणि गुडघा चोळत राहिले. मग हळूहळू त्यांनी तिला सांगितलं की दोन्ही बाजूंचे पाटे लांबीला सारखेच असतात, पण ते आपापल्या जोडीदाराशी वर्षानुवर्षं घासून बसलेले असतात. अदलाबदल झाली तर मध्ये फट राहते, गाडी तिरकी उभी राहते, आणि एखाद्या खड्ड्यात पाटा तुटतो. त्यांनी दोन पाटे उचलून डोळ्यांजवळ नेले, चष्मा वर-खाली केला आणि परत ठेवले.

तेवढ्यात हिरासिंग आले.

"काहून मिस्त्री, आमची म्हातारी अजून बसूनच हाय का? तिला पाहून तुमी बी बसले जनू."

मिस्त्री हसले नाहीत. खुणा पुसल्या गेल्या, आता कोणता पाटा कुठला ते कळत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. कुणी पुसल्या, असं हिरासिंगांनी विचारल्यावर म्हणाले, "माझ्याकडूनच."

आकांक्षाने मान खाली घातली.

हिरासिंग मोटारीला टेकले. उन्हातून चालून त्यांचाही चेहरा उतरला होता.

"तुमी बी थकले, मी बी थकलो," ते म्हणाले. "नांदेडहून नवे मागवू. हे टाका भंगारात." आणि त्यांनी मोबाईल काढला.

आकांक्षा भिंतीजवळ गेली. धुळीतल्या त्या लांब पाट्यावर खडूची एक रेघ अजून तशीच होती. तिने पाट्याच्या मागे, पोटाच्या बाजूला हात घातला आणि बोटं शेवटाकडे सरकवली. एका जागी बोट खाली गेलं.

"आबा, ही खाच काहाची हाय?"

"आखूड पाट्याचं टोक घासतं तिथं," मिस्त्री वर न पाहताच म्हणाले. "उजवीकडची खोल हाय. बुढे नाईक लई येळा एकलेच गाडी हाकायचे, समदा भार उजवीकडं..." आणि ते बोलता बोलता थांबले. "टोक लावून पाह्य बरं."

तिने ओळीतला एक पाटा आणून खाचेला टेकवला. तो डगडगला. मग त्याच लांबीचा दुसरा आणला. त्याचं टोक खाचेत असं बसलं की हलवल्यावरही हललं नाही.

मिस्त्री टायरवरून उठले. हिरासिंगांच्या कानाला फोन होता, पलीकडून कुणी तरी कोणत्या गाडीचे पाटे हवेत असं विचारत होतं.

आकांक्षा त्यांच्याकडे गेली. त्यांचा मोकळा हात धरून तिने त्यांना भिंतीजवळ आणलं आणि त्यांचा अंगठा त्या खाचेत ठेवला. हिरासिंगांनी अंगठा एकदा पुढे सरकवला, एकदा मागे.

"न्हाई पाह्यजे," ते फोनवर म्हणाले.

तोवर आकांक्षा पुढचा पाटा आणायला ओळीकडे गेली होती. या वेळी तिने फडकं उचललं नाही. खिडकीतला खडू घेतला, आणि जुळलेल्या पाट्यावर आधी एक रेघ ओढली.