देव्हाऱ्यातलं नाणं आणि माझी वजरी

आयुष्यभर थापा मारल्या, तेव्हा सगळे तोंड उघडं टाकून ऐकायचे. आता खरं बोलतेय, तर कोणी ऐकेल तर शपथ!

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचं एक जुनं नाणं आहे. माझी नात समीक्षा इतिहासात एम.ए. करतेय, तिला त्याच्यावरच प्रोजेक्ट लिहायचाय. म्हणून तिच्या मिनल मॅडम परवा आमच्या घरी भाईंदरला आल्या. नाण्याला भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला.

"आजी, एवढं गुळगुळीत कशानं झालं?"

"चिंच आणि राख. दर धनत्रयोदशीला. लक्ष्मीला काय काळी ठेवू?"

तरी बाईंना बरंच दिसलं. एका राजाचा चेहरा, त्याच्यावर दुसऱ्या राजानं ठोकलेला शिक्का. म्हटलं, आमच्याकडे नवा नगरसेवक जुन्याच बाकड्यावर आपलं नाव रंगवतो, तसंच की! अक्षरं परदेशी वळणाची, दर्यापारच्या व्यापाऱ्यांमुळे. कडेला छिन्नीची खूण, चांदी खरी का ते बघायला. म्हणजे तेव्हाही कोणाचा कोणावर भरवसा नव्हता.

"पण सापडलं कुठे, ते पक्कं हवं," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर प्रोजेक्टला उपयोग नाही."

"आमच्या मिठागरात. झाली चाळीसेक वर्षं. बांधाचा चिखल काढताना माझ्याच फावड्याला लागलं."

समीक्षा उसळली. "आजी, बास हां! मला सांगितलंस मगरीच्या पोटातून निघालं. परागदादाला सांगितलंस, राजानं मीठ चाखून खापरपणजोबांना बक्षीस दिलं!"

"अगं, ते तुम्हाला जेवू घालताना!"

"मग आत्ता कोणाला भरवतेयस?"

मॅडमनी हसत भिंग पिशवीत टाकलं. पोरीचे डोळे भरले. माझं डोकंच फिरलं. मेली मगर पटते, आणि माझं फावडं पटत नाही!

"ज्या मडक्यात होतं ना, ते तेव्हाच फुटलं. एक तुकडा आहे अजून."

"कुठे?"

"मोरीत. टाचा घासते त्यानं."

गेले, आणि ओली वजरी त्यांच्यापुढे आपटली. बाहेरून घासून गुळगुळीत, पण आतल्या बाजूला खाडीचा चिखल दगडासारखा घट्ट बसलेला, आणि त्यात एक गोल खळगा. मॅडमनी श्वास रोखून नाणं खळग्यात ठेवलं. चपखल बसलं!

"आजी, चाळीस वर्षं यानं टाचा घासताय?"

"बेचाळीस."

माझी वजरी कापसात गुंडाळून मॅडमबरोबर गेली. समीक्षानं प्रोजेक्टच्या फॉर्मवर 'कोणाला सापडलं' तिथे माझं नाव लिहिलं आणि 'कसं' लिहायला मी पेन मागितलं, तर दिलं नाही.

संध्याकाळी तिनंच केबिन रोडवरून नवी वजरी आणून दिलीन. गुलाबी, प्लास्टिकची. नुसत्या गुदगुल्या होतात मेल्या.