दोघांचा पहारा

बाबा महिन्यात दुसऱ्यांदा दार उघडून चालते झाले, तेव्हा ताईने सगळ्यांना समोर बसवून शक्यता शिकवली. कॉलेजात ती संख्याशास्त्राची प्राध्यापिका. घरी नुसती ताई, पण शिकवायची खोड दोन्हीकडे सारखीच.

बाबांचं डोकं वर्षभरापासून जाग्यावर नव्हतं. दुपारी जेवण झालं की त्यांना कामावर जायची घाई सुटे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, हे कितीदा सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. मग आईने एक दिवस आणि धाकट्या भावाने एक दिवस, असा दुपारचा पहारा लागला. ताईने वीस दिवसांची रीतसर नोंद ठेवली. आईच्या दहा दुपारींत एकदा तिचा डोळा लागला, धाकट्याच्या दहांत एकदा त्याचा. त्या दोन्ही वेळी बाबा पसार. नशीब, शेजाऱ्यांनी कोपऱ्यावरूनच परत आणलं.

“आता रोज दोघांनी बसायचं,” ताई धाकट्याला म्हणाली. “आईला झोप लागायची शक्यता दहात एक, तुझी दहात एक. दोघांना एकदम लागायची? दहा गुणिले दहा. शंभरात एक!”

“अगं, मी एकटीच बसते. एकटी असले की कान टवकारलेले असतात,” आई म्हणाली.

“आई, आकडे तुझ्या कानांवर चालत नाहीत.”

धाकट्याला घरूनच काम करायची मुभा होती. त्याने मुकाट्याने आपला कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आणला. शिकलेल्या बहिणीपुढे कोण तोंड उघडणार?

चौथ्या दिवशी दुपारी ताई वर्गात हेच शिकवत होती. फोनचा आवाज बंद करून तो पर्समध्ये टाकलेला. तास संपल्यावर तिने तो बाहेर काढला, तर घरून अकरा फोन आलेले. तिने तिथूनच उलट फोन लावला.

बाबा चांगले हमरस्त्यापर्यंत पोचले होते. एका टेम्पोचा धक्का लागून पडले, खुब्याचं हाड मोडलं, डोक्यालाही मार बसला. ताई धापा टाकत हॉस्पिटलात आली, तेव्हा त्यांना आत नेलेलं होतं. बाकावर आई बसली होती आणि धाकटा भिंतीला टेकून उभा होता.

“दोघं होतात ना घरात? मग झालं कसं?” ताई त्याच्यावर तुटून पडली.

“आई समोर होती गं. म्हटलं, ती आहे तर दहा मिनिटं पाठ टेकावी. रात्री जागून काम केलं होतं.”

“आणि मी म्हटलं, पोरगा बसलाय, जरा पाय पसरते,” आई म्हणाली. “रोजच पसरत होते. आजच तेवढे ते उठले. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय!”

ताई आईशेजारी बाकावर बसली. दहात एक हा आकडा एकट्याने बसणाऱ्या माणसाचा होता. जोडीला कुणी आलं की तो आकडाच बदलतो, हे तिला दिसायला हवं होतं. घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच गुणाकार करा, हे वाक्य ती पंधरा वर्षं फळ्यावर लिहीत आली होती. आणि घरात तिने तेच तपासलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

“माझा गुणाकारच चुकला,” ती कशीबशी म्हणाली.

“गुणाकार राहू दे तुझा,” आई म्हणाली. “आधी रोज दुपारी दोनदा फोन करायचीस. ‘बाबा आहेत ना घरात?’ म्हणून जीव खायचीस माझा. या चार दिवसांत एकदा तरी केलास?”

नव्हता केला. शंभरात एक म्हटल्यावर ती निर्धास्त झाली होती. घरात दोघं झोपली, तिसरी वर्गात उभ्याउभ्या.

दार ढकलून डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“डोक्याची तपासणी करतोय, आत्ताच काही सांगता येणार नाही. पडल्यावर शुद्धीत होते का? सोबत कोण होतं?”

आईने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने ताईकडे पाहिलं. ताईला बघायला पुढे कुणी उरलं नव्हतं.

“कुणीच नाही,” ती म्हणाली.