शेठच्या मांडवातली सुनावणी

सुनावणी होती अकराची. पण सरकारी अकरा वाजायला दीड झाला आणि तेवढ्यात शार्दूलशेठनी पंगती मांडल्या. मांडव त्यांच्याच रिसॉर्टच्या हिरवळीवर होता. भोरच्या रस्त्याला एवढी मोठी जागा दुसरी नाही, म्हणून वनखात्यानं सुनावणी तिथंच ठेवली होती.

प्रश्न वाडीच्या वरच्या रानाचा. नव्या आराखड्यात त्याला कुंपण पडणार होतं. वाडीच्या बायांनी आत जायचं नाही, वाळकी काटकी आणायची नाही, हिरडा वेचायचा नाही. फाटक मात्र एकच, रिसॉर्टच्या मागल्या अंगाला, पाहुण्यांच्या निसर्गवाटेसाठी! साळूबाईनं नवऱ्यामागं दोन पोरी त्या रानाच्या जिवावर वाढवलेल्या. रान राखायला तिची ना नव्हतीच. वणवा लागला की ओली फांदी घेऊन धावणाऱ्यांत ती पहिली. पण आपल्याला बाहेर काढून शेठला आत घेणारं हे कसलं राखणं, या विचारानं तिचं डोकं फिरलं होतं.

बोलायचं होतं सरपंच धनाजीनं. तिचा भाचा, बोलण्यात पटाईत. पण मटणाचा वास सुटला आणि बाकीच्या वाडीबरोबर तोही पंगतीत टेकला.

"आत्या, बस की. भूक न्हाई व्हय?"

"धना, ऊठ. ह्याच्या दारात ह्याचंच जेवून ह्याच्या इरुद्ध बोलशील?"

"चार घासांनी काय हुतंय!"

काय होतं ते लगेच दिसलं. वाडीची रीतच आहे : ज्याच्या पंगतीला बसलं, त्याच्या दारात त्या दिवशी वाकडं बोलायचं नाही. भावकीतली भांडणंसुद्धा त्यापायी दुसऱ्या दिवसावर जातात. कुणी विकलं गेलं नव्हतं. बिचारे नुसते जेवले होते.

सुनावणी घेणाऱ्या नीरजा मॅडमनी विचारलं, "कुणाची हरकत आहे?"

धनाजी उभा राहिला. शेठनी हात जोडले, "सरपंच, जेवण बरं झालं ना?"

"झ्याक झालं," म्हणून धनाजी खाली बसला तो बसलाच. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

"मग हरकत नाही, असं लिहू?"

"लिवू नगा!" साळूबाई उठली. माइकपुढं ती जन्मात उभी राहिली नव्हती. "माजी हाय हरकत."

"तुमची एकटीचीच, आजी?"

"म्या एकलीच उपाशी हाय."

मांडवात कुणीतरी हसलं, पण हसू पुढं सरकलं नाही. साळूबाईनं रीत सांगितली, आडपडदा न ठेवता. "ह्यांची हरकत ऐकायची तर वाडीत या. देवळाम्होरं बसू. तितं इचारा."

"अहो, पाहुणचार केला तर त्याचंही राजकारण?" शेठ म्हणाले.

साळूबाईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, तुमीबी हितंच जेवलाय. शेठला न्हाई म्हनायला तुमची तरी जीभ उचलंल का आज?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या उठल्या. "सुनावणी गुरुवारी, वाडीत, देवळापुढं." आणि कारकुनाकडं वळून म्हणाल्या, "डबे आपापले न्यायचे."

परतीच्या टेम्पोत धनाजी तिच्या शेजारी आला. मान वर होईना त्याची. "आत्या, गुरुवारी म्या बोलतो."

"बोल की," साळूबाई म्हणाली. "न्हाई बोललास तर म्या हायेच."